होम वॉरंटीत काय बसतं, हे कॉइलवर टॉर्च मारणारा ठरवतो

प्रश्न थोडक्यात असा. टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेला एक जोडपं १९९९ साली बांधलेलं घर घेतंय. एसी २०१२ चा, अ‍ॅटिकमधला (छपराखालच्या माळ्यावरचा) गॅसवरचा वॉटर हीटर २०१४ चा, डिशवॉशर आणि ओव्हन घराबरोबर येणारे. इन्स्पेक्शनच्या रिपोर्टात आलं, 'एसी चालू आहे पण आयुष्य संपत आलंय, खालच्या ड्रेन पॅनला (एसीचं पाणी झेलणाऱ्या ट्रेला) गंज आहे.' त्यावर एजंट म्हणाला, काळजी करू नका, सेलर एक वर्षाची होम वॉरंटी देतोय, सगळं कव्हर आहे. आता त्यांना विचारायचंय की 'सगळं' म्हणजे नेमकं काय, होमओनर्स इन्शुरन्स असताना हे आणखी कशाला, आणि वर्ष संपल्यावर खिशातून पैसे भरून ती चालू ठेवावी का.

मी कुठे उभा राहून बोलतोय ते आधी सांगतो. आज मी होम इन्स्पेक्टर आहे. त्याआधी बारा वर्षं एसी-हीटिंगची दुरुस्ती केली आणि त्यातली चार वर्षं एका वॉरंटी कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टरांच्या यादीवर होतो. म्हणजे तुम्ही तक्रार नोंदवलीत की तुमच्या दारात येणारा माणूस मी. क्लेम मंजूर करायचा की नाही हे कागदोपत्री कंपनी ठरवते, पण ती ठरवते माझ्यासारख्याने फोनवर वाचून दाखवलेल्या एका ओळीवरून. बिघाड कशामुळे झाला, ती ओळ. माहितीपत्रकात सोळा गोष्टी 'कव्हर' आहेत की बावीस, याला मी फारसं महत्त्व देत नाही. त्या एका ओळीत काय लिहिलं जाईल आणि ते लिहिताना तुमच्या हातात कुठला कागद असेल, सगळा खेळ तिथे आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो पटकन सुटतो. होमओनर्स इन्शुरन्स अचानक आलेल्या आपत्तीसाठी असतो: आग, गारपीट, फुटलेला पाइप. यंत्र म्हातारं होऊन बंद पडलं तर तो हात वर करतो. होम वॉरंटी नेमकी त्या म्हातारपणासाठी असते, आणि ती खरं तर वॉरंटीही नाही. तो दुरुस्तीचा करार आहे. टेक्ससच्या कायद्यात त्याचं नावच 'रेसिडेन्शियल सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट' आहे. या कंपन्यांना लायसन्स देणारं खातं टीडीएलआर, म्हणजे टेक्सस डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन. कॅलिफोर्नियात हेच काम इन्शुरन्स खात्याकडे आहे. 'वॉरंटी' म्हणजे वस्तू बनवणाऱ्याने तिच्याबरोबर दिलेली हमी. पैसे मोजून वेगळा घेतलेला करार हा सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट, असा फरक १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस या अमेरिकी केंद्रीय कायद्यातही आहे.

दोन्ही एकाच वेळी लागू पडतात तेव्हा मजा येते. वॉटर हीटरची टाकी फुटली, खालच्या खोलीचं छत भिजून खाली आलं. टाकी ही वॉरंटी कंपनीची बाब, छत आणि गालिचा इन्शुरन्सची. वॉरंटीच्या करारात 'परिणामस्वरूप होणारं नुकसान वगळून' असं कुठेतरी बारीक अक्षरात असतंच. इन्शुरन्सवालाही पाणी एकदम आलं की महिनोन्महिने झिरपत होतं ते विचारतो. अशा वेळी दोन्हीकडे त्याच दिवशी फोन करायचा. एकीचं उत्तर येईपर्यंत दुसरीला थांबवून ठेवू नका.

आता करार. त्यातलं एकच वाक्य पाठ करण्यासारखं आहे आणि ते बहुतेक कंपन्यांच्या करारात थोड्या फरकाने सारखंच असतं: करार सुरू झाला त्या दिवशी जी यंत्रणा व्यवस्थित चालू होती, ती नेहमीच्या वापरातल्या झिजेमुळे बंद पडली तर दुरुस्त करून किंवा बदलून दिली जाईल, आणि दुरुस्त करायची की बदलायची ते कंपनी ठरवेल. या वाक्यात तीन दारं आहेत. 'त्या दिवशी चालू होती' हे पहिलं, 'नेहमीच्या झिजेमुळे' हे दुसरं, 'कंपनी ठरवेल' हे तिसरं. नामंजूर होणारे क्लेम बहुधा पहिल्या दोन दारांशीच अडकतात. तिसऱ्या दारातून क्लेम आत जातो खरा, पण हातात पूर्ण रक्कम येत नाही.

दुसरं दार कसं बंद होतं ते माझ्याच हातून घडलेलं सांगतो. जुलै महिना, पारा १०४ फॅरनहाइटच्या पुढे, दिवसाचा पाचवा कॉल. घरात दोन दिवस एसी बंद. मी बाहेरच्या युनिटचं पॅनल उघडलं. कपॅसिटरचा (कंप्रेसरला चालू होताना जोर देणारा डबा) माथा पुरीसारखा टम्म फुगलेला. त्यावर छापलेलं ४५ मायक्रोफॅरड, मीटर दाखवतोय २९. एवढंच असतं तर वीस मिनिटांचं काम होतं. पण कंप्रेसरच्या टर्मिनलवर मीटर लावला तर वाइंडिंग थेट ग्राउंड झालेलं, म्हणजे कंप्रेसर गेला. मग टॉर्च घेऊन बाजूच्या कॉइलकडे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या जाळीकडे पाहिलं. गवत कापताना उडालेला चुरा आणि कुत्र्याचे केस यांचा नमदा बसला होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. कंप्रेसर का गेला? नऊ वर्षांचा होता म्हणून? कपॅसिटर अशक्त झाल्यामुळे चालू होताना त्याला रोज धक्के बसत होते म्हणून? की हवा मिळत नसल्यामुळे तापून तापून गेला? प्रामाणिक उत्तर आहे, तिन्ही थोडं थोडं. पण कंपनीच्या फॉर्मवर 'थोडं थोडं' लिहायला जागा नव्हती. कारणांची यादी होती: नेहमीची झीज, देखभालीचा अभाव, चुकीची बसवणी, आधीपासूनचा दोष. मी फोटो काढले, 'देखभालीचा अभाव' निवडलं आणि गाडीत येऊन बसलो. क्लेम नामंजूर झाला.

पुढच्याच महिन्यात जवळजवळ तसंच प्रकरण. तसलाच मळलेला कॉइल, तसलाच ग्राउंड झालेला कंप्रेसर. या घरातल्या बाईंनी मात्र मी पॅनल उघडायच्या आधीच एप्रिलमधल्या सर्व्हिसिंगचं बिल पुढे केलं. त्यावर तारीख, कॉइल धुतल्याची नोंद, आतल्या-बाहेरच्या हवेचं तापमान. ते बिल समोर असताना मी 'देखभालीचा अभाव' लिहूच शकत नव्हतो. लिहिलं असतं तर उद्या मलाच कोणी विचारलं असतं. 'वयोमानाने बिघाड' लिहिलं. कंप्रेसर बदलून मिळाला. दोन्ही घरांच्या करारात अक्षराचाही फरक नव्हता. पहिल्या घरातल्या गृहस्थांनीही कदाचित सर्व्हिसिंग करून घेतलं असेल. त्यांना कोणी बिल विचारलं नाही आणि त्यांनी दाखवलं नाही. मी तरी विचारायला हवं होतं, हे आज वाटतं.

पहिल्या दारात, म्हणजे 'आधीपासूनचा दोष' या कलमात, तुमचं प्रकरण अडकणार आहे, म्हणून ते जरा सावकाश बघू. अनेक करार असं म्हणतात की आधीपासूनचा पण कुणालाच ठाऊक नसलेला दोष आम्ही धरतो. फक्त तो डोळ्यांनी पाहून किंवा साध्या चाचणीने कळण्यासारखा नसावा. साधी चाचणी म्हणजे यंत्र चालू करून बंद करणं आणि त्यात विचित्र आवाज, वास, धूर, गळती नाही ना एवढं पाहणं. हे ऐकायला उदार वाटतं. पण तुमच्याकडे इन्स्पेक्शन रिपोर्ट आहे आणि त्यात गंजलेल्या पॅनचा फोटो आहे. पॅनला गंज म्हणजे त्यात कधीतरी पाणी साठलं होतं, म्हणजे मुख्य ड्रेन तुंबला होता किंवा घरातल्या कॉइलच्या खालचा ट्रे फुटलाय. उद्या तिथून पाणी गळालं तर कंपनी पहिली मागणी करणार ती इन्स्पेक्शन रिपोर्टाची, आणि तो तुम्हीच पाठवणार. रिपोर्टात जे आलं ते 'ठाऊक असलेला दोष' झालं. म्हणून एजंटचं 'काळजी करू नका' उलटं आहे. रिपोर्टात आलेल्या गोष्टींसाठी वॉरंटी जवळजवळ निरुपयोगी असते. त्या गोष्टी ऑप्शन पीरियडमध्येच, म्हणजे सौदा रद्द करण्याची मोकळीक असलेल्या सुरुवातीच्या दिवसांतच, सेलरशी बोलून मिटवायच्या. पॅन आणि ड्रेन लायसन्स असलेल्या माणसाकडून दुरुस्त करून घ्या, त्याचं बिल घ्या, आणि ते बिल रिपोर्टाला टाचणीने लावून ठेवा. मग तो दोष ठाऊक असलेला पण दुरुस्त केलेला ठरतो, आणि कराराच्या पहिल्या दिवशी यंत्रणा चालू होती असं म्हणता येतं.

'एसीचं आयुष्य संपत आलंय' या वाक्याला मात्र घाबरू नका. म्हातारा पण चालू, हा दोष नाही. बऱ्याच कंपन्या वयाची अट घालत नाहीत. उलट असा म्हातारा एसी हीच वॉरंटी घेण्याची खरी वेळ. रिपोर्टात पुरवठ्याच्या आणि परतीच्या हवेच्या तापमानातला फरक लिहिलेला असेल, साधारण १६ ते २२ अंश फॅरनहाइट चांगला समजतात. तो आकडा त्यात असेल तर तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार तोच. नसेल तर इन्स्पेक्टरला फोन करून मागा.

आता तिसरं दार. क्लेम मंजूर झाला, कंपनी म्हणाली बदलून देतो. आनंदाचे दोन दिवस, मग तिसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा फोन, 'तुमच्या बाजूने अमुक डॉलर.' हे ऐकून लोक चवताळतात, त्यांना वाटतं कॉन्ट्रॅक्टर लुबाडतोय. कधी लुबाडतोही. पण बहुतेक वेळा ती रक्कम करारातच लिहिलेली असते, विखुरलेली.

तुमचा २०१४ चा वॉटर हीटर घ्या. १६ एप्रिल २०१५ पासून या देशात नव्या वॉटर हीटरच्या कार्यक्षमतेचे नियम कडक झाले आणि तेवढ्याच गॅलनच्या टाक्या जाड इन्सुलेशनमुळे अंगाने वाढल्या. तुमची टाकी त्याआधीची. नवी पन्नास गॅलनची टाकी अ‍ॅटिकमधल्या त्याच कोनाड्यात, त्याच धुराड्याच्या पाइपखाली बसेलच असं नाही. पाइप हलवावा लागला तर ते 'फेरफार' झाले आणि फेरफार करारात नसतात. शहराचं परमिट वेगळं. घरात येणाऱ्या मुख्य लाइनवर प्रेशर रेग्युलेटर किंवा चेक व्हॉल्व्ह असेल तर आजच्या नियमांत एक्स्पान्शन टँक (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी) लागतो, १९९९ च्या घरात तो बहुधा नसतो. अ‍ॅटिकमधल्या टाकीखाली पॅन आणि त्याची बाहेर जाणारी नळी हवी. जुनी टाकी खाली उतरवून नेण्याचे पैसे. यातलं प्रत्येक काम रास्त आहे, मी स्वतः घरी बसवताना एकही गाळलं नसतं. पण 'वॉटर हीटर कव्हर आहे' या शब्दांत यातलं एकही येत नाही. काही कंपन्या 'कोड अपग्रेड' (आजच्या बांधकाम नियमांसाठी करावे लागणारे बदल) नावाची वेगळी मर्यादा देतात, काहीशे डॉलरची. महागडा प्लॅन घ्यायचाच असेल तर त्यासाठी घ्यावा. फ्रिजच्या आइसमेकरसाठी नव्हे.

एसीचं गणित याहून अवघड झालंय. तुमचा २०१२ चा एसी आर-४१०ए गॅसवर चालणारा असणार. (त्याआधीच्या पिढीचा आर-२२, त्याचं उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० ला बंद झाली. घर बघताना प्लेटवर आर-२२ दिसलं तर किंमत पाडून मागा.) आर-४१०ए अजून मिळतो, जुन्या यंत्रांचे सुटे भागही मिळतात. पण १ जानेवारी २०२५ पासून नव्या घरगुती एसीचे संच या गॅससाठी बनवता येत नाहीत. नवे संच आर-३२ किंवा आर-४५४बी वर चालतात. हे गॅस किंचित ज्वलनशील, म्हणून आत गळती ओळखणारा सेन्सर आणि त्यासाठीच बनवलेला कॉइल लागतो. म्हणजे बाहेरचं युनिट गेलं आणि नवा संच द्यायचा ठरला तर आतला धडधाकट कॉइलही बदलावा लागणार. तो आतला भाग कोणाच्या खर्चाने? करारात 'जुळणारे भाग' किंवा 'सुसंगतता' असं कलम शोधा. तिथे कंपनी तो खर्च देते असं स्पष्ट लिहिलं असेल तर उत्तम. ते कलमच नसेल, तर आतल्या भागाचे पैसे तुमचे, आणि ते हजारांत जातात. जुना गॅस काढून घेणं, नव्या गॅसचा भाव, अरुंद अ‍ॅटिकमध्ये काम करण्याची जादा मजुरी, यांवरही वेगवेगळ्या मर्यादा असतात. गॅससाठी तर काही करार पौंडामागे ठरावीक रक्कमच देतात, बाजारात भाव काहीही असो.

कंपनी कधीकधी दुरुस्तीऐवजी रोख रक्कम देऊ करते. ती रक्कम दुकानातल्या भावाने नसते, कंपनीला घाऊक दराने जे पडलं असतं त्या हिशोबाने असते. दहा हजारांचा एसी आणि हातात अडीच हजार, असं होतं. तरी मी ती सरसकट नाकारा असं म्हणणार नाही. एसी चौदा वर्षांचा झालाय, तुम्हाला हव्या त्या कंपनीचा, हव्या त्या माणसाकडून बसवायचाय, तर ते अडीच हजार घेऊन पुढे जाणं शहाणपणाचं ठरू शकतं. सही करण्याआधी एक विचारा: ही रक्कम घेतल्यावर नवा एसी याच करारात पुढे धरला जाईल का.

प्लंबिंगबद्दल थोडंसं. घराच्या आतली गळती साधारणपणे धरतात, पण पाइप काँक्रीटच्या स्लॅबखाली असेल तर तिथपर्यंत पोचण्याच्या खोदकामाला मर्यादा असते, आणि टेक्ससमध्ये बहुतेक घरं स्लॅबवरच बांधतात. पाइप दुरुस्त झाल्यावर भिंत पुन्हा 'रफ फिनिश'पर्यंत करून देतात, म्हणजे पांढरी खडबडीत भिंत. टाइल आणि रंग तुमचा. तुंबलेली मोरी ठरावीक फुटांपर्यंतच तारेने मोकळी करतात. झाडाची मुळं घुसली असतील तर नाही. स्विमिंग पूल, सेप्टिक टँक, विहिरीचा पंप, दुसरा फ्रिज, छताची गळती, हे सगळं जादा पैसे देऊन.

घरातल्या छोट्या यंत्रांवर मी शब्द घालवत नाही. डिशवॉशर आणि ओव्हनसाठी वॉरंटी घेऊ नये. चालून आली तर वापरावी. प्रत्येक फेरीला तुम्ही सर्व्हिस फी भरता, साधारण ७५ ते १२५ डॉलर, आणि ती क्लेम नामंजूर झाला तरी जाते. डिशवॉशरच्या दाराचं लॅच बदलायला कुठलाही मेकॅनिक याहून थोडंच जास्त घेतो, आणि दोन आठवडे थांबावं लागत नाही.

फोन करण्याआधी मात्र उत्पादकाची वॉरंटी पाहा, ती लोक विसरतात. एसी बसवल्यावर ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली तर सुट्या भागांची हमी बहुधा दहा वर्षं, नाही केली तर पाच. मजुरी त्यात नसते. घर विकलं गेलं की काही कंपन्या हमी आपोआप पुढे नेतात, काही ठरावीक मुदतीत फी भरून नावावर करायला सांगतात. तुमचा एसी २०१२ चा, त्यामुळे ती मुदत संपून गेली. पण यंत्रांच्या प्लेटवरचा सिरियल नंबर उत्पादकाच्या साइटवर घालून पाहायला पाच मिनिटं लागतात. मी असे लोक पाहिलेत ज्यांनी फुकट मिळणाऱ्या भागासाठी वॉरंटी कंपनीशी महिनाभर भांडण केलं. नवं बांधलेलं घर घेणाऱ्यांसाठी तर बिल्डरची हमी असते, साधारण एक-दोन-दहा या घाटाची: एक वर्ष कारागिरी, दोन वर्षं वायरिंग-प्लंबिंग-एसी, दहा वर्षं घराचा सांगाडा. त्यांनी पहिली दोन वर्षं होम वॉरंटीच्या वाटेलाही जाऊ नये.

आता सेलर 'देतोय' त्याबद्दल. टेक्ससच्या ठरलेल्या खरेदीखताच्या फॉर्ममध्ये परिच्छेद ७ एच वाचा. तिथे लिहिलंय की असा करार खरेदीदार घेऊ शकतो आणि सेलर क्लोजिंगच्या वेळी (व्यवहार पूर्ण होऊन मालकी बदलते तेव्हा) ठरलेल्या रकमेपर्यंत त्याची भरपाई करेल. तिथेच हेही आहे की करार घेणं ऐच्छिक आहे आणि तशीच सोय इतर कंपन्यांकडूनही मिळू शकते. मथितार्थ: पैसे सेलरचे, कंपनी तुमच्या पसंतीची. एजंटने सुचवलेलीच घ्यायची सक्ती नाही. कंपन्यांचे नमुना करार त्यांच्या साइटवर मिळतात. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि त्या करारात चार गोष्टी शोधा: एसीची डॉलरमधली मर्यादा, 'जुळणारे भाग', 'कोड', आणि 'ठाऊक नसलेला आधीचा दोष'. ५०० आणि ६५० डॉलरच्या प्लॅनमधला फरक बहुधा याच चार ठिकाणी लपलेला असतो. क्लोजिंगबरोबर घेतलेला करार त्या दिवसापासून लागू होतो. नंतर स्वतंत्रपणे घेतलात तर साधारण ३० दिवस थांबावं लागतं. म्हणून 'बघू नंतर' करू नका.

चाव्या मिळाल्या त्या दिवशी एक तास काढा. प्रत्येक यंत्राच्या प्लेटचा फोटो, बाहेरचा कॉइल स्वच्छ दिसेल असा फोटो, फिल्टर बदलल्याचा फोटो. एसी पंधरा मिनिटं चालवून थर्मोस्टॅटचा आणि हवेच्या जाळीशी धरलेल्या थर्मामीटरचा व्हिडिओ. वॉटर हीटरखालचा कोरडा पॅन. पहिल्या दोन महिन्यांत सर्व्हिसिंग करून घ्या आणि बिलावर 'साफ केलं' एवढंच नको, 'कंडेन्सर कॉइल धुतला, कपॅसिटर मोजला, आकडा अमुक' असं लिहून मागा. सर्व्हिसवाले कुरकुर करतात, पण लिहून देतात.

बिघाड झाला की आधी कंपनीला फोन, मग इतर कुणाला. स्वतःच्या माणसाकडून आधी काम करून घेतलंत तर पैसे परत मिळणं जवळजवळ अशक्य. फोनवर जे दिसतंय तेवढंच सांगा: 'काल संध्याकाळपासून थंड हवा येत नाही, बाहेरचा पंखा फिरत नाही.' खोटं बोलू नका आणि अंदाजही बोलू नका. 'पूर्वीपासून जरा आवाज यायचाच' असं आपण गप्पांच्या ओघात म्हणून जातो. समोरची व्यक्ती ते टाइप करत असते, आणि तो आवाज पंख्यात अडकलेल्या काडीचा होता की बेअरिंगचा, हे नंतर कोणी विचारत नाही. आवाज खरोखरच यंत्राचा होता, महिनाभर येत होता, असं असेल आणि विचारलं तर खरं सांगा. टेक्निशियन आला की त्याच्याबरोबर उभे राहा. सर्व्हिसिंगची बिलं त्याने पॅनल उघडण्याआधी द्या, पाणी द्या (१०४ अंशांत अ‍ॅटिकमध्ये चढणाऱ्याला ते लागतंच), आणि तो निघताना सरळ विचारा, 'कारण काय लिहिलंत?' हा प्रश्न मला चार वर्षांत मोजून सात-आठ लोकांनी विचारला असेल. ज्यांनी विचारला त्यांच्या फॉर्मवर मी दोनदा विचार करून लिहिलं.

नामंजूर झालाच तर लेखी कारण आणि कराराचं कलम मागा. त्या एका ओळीची प्रत मागा. मग दुसऱ्या लायसन्सधारक माणसाला पैसे देऊन कारणाबद्दल लेखी मत घ्या आणि फेरविचाराला पाठवा. 'मी तुमचा ग्राहक आहे' या वाक्याने काही हलत नाही. दुसऱ्या टेक्निशियनचं 'कॉइल स्वच्छ, बिघाड वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा' हे वाक्य हलवतं. तरीही नाही झालं तर टीडीएलआरकडे तक्रार. आणि बहुतेक करारांत लवादाची सक्ती असली तरी छोट्या दाव्यांची वाट मोकळी ठेवलेली असते. टेक्ससच्या जस्टिस कोर्टात २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो.

वर्षानंतर चालू ठेवायची का? तुमच्याकडे क्लोजिंगनंतर एसी बदलण्याइतके पैसे हाताशी उरणार नसतील आणि एसी तोवर तगला असेल, तर आणखी एक वर्ष घ्या, पण दर नव्याने विचारून. पैसे असतील तर तीच रक्कम आणि वाचलेली सर्व्हिस फी वेगळ्या खात्यात टाका आणि एक भरवशाचा एसीवाला शोधून ठेवा. मी माझ्या घरी हेच करतो, अर्थात मला मजुरी पडत नाही. कार्डावर आपोआप नूतनीकरण चालू असतं, ते आठवणीने बंद करा. आणि क्लोजिंगनंतर काही आठवड्यांतच 'तुमची होम वॉरंटी संपत आली आहे, अखेरची सूचना' अशी पत्रं येऊ लागतील, त्यावर तुमच्या कर्ज देणाऱ्या बँकेचं नावही असेल. मालकीची नोंद सार्वजनिक असते, तिथून उचललेलं असतं. एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या केंद्रीय फेडरल ट्रेड कमिशनने, या पत्रांबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. तुमच्या खऱ्या कराराचा नंबर त्यावर नसेल तर सरळ फाडून टाका.

ऑप्शन पीरियडचे किती दिवस उरलेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. दोन असोत की पाच, ड्रेन पॅनच्या दुरुस्तीची मागणी आजच एजंटकडून लेखी जाऊ द्या. वॉरंटीची कंपनी निवडायला क्लोजिंगपर्यंत वेळ आहे.